निंगालूचा किनारा

मुलांनो, ऑस्ट्रेलिया खंडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत निंगालू नावाची एक प्रवाळभिंत आहे. ती सुमारे २६० किलोमीटर लांब असून कित्येक ठिकाणी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. ती बांधणारे कारागीर म्हणजे पोवळी हे इवलेसे समुद्रजीव. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात व सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न त्यांना पुरवितात. पोवळी मरतात, पण त्यांचे चुन्याचे सांगाडे मागे उरतात. त्यांवर नवी पोवळी घर करतात. अशी हजारो वर्षे लोटली, तेव्हा ही भिंत उभी राहिली.

या किनाऱ्याला लागूनच केप रेंज हे रुक्ष डोंगर आहेत. तेथे राहुटी ठोकून राहावयाचे, तर पिण्याचे पाणीसुद्धा बरोबर न्यावे लागते. शेकोटी पेटविण्यास मनाई असते. परंतु या गैरसोयींचा विसर पडावा, असे तेथील वैभव आहे. सायंकाळी उंच एमू पक्षी राहुटीजवळून संथपणे निघून जातात. कांगारू झुडपांआडून डोकावतात. सकाळी उथळ पाण्यात शिरावे, तो रंगीबेरंगी माशांचे थवेच्या थवे दृष्टीस पडतात. मार्च ते जुलैच्या सुमारास व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा तेथे येतो. देह एवढा अवाढव्य, पण आहार मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म जीवांचा!

नोव्हेंबर ते मार्च हा तेथील उन्हाळ्याचा काळ. तेव्हा रात्री समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी वाळूवर येतात. मादी मागच्या पायांनी खड्डा करून त्यात सुमारे शंभर अंडी घालते. तिच्या वाटेत कोणी दिवा लावला, तर ती बिचकून तशीच परत फिरते. सुमारे दोन महिन्यांनी बाहेर पडलेली पिले उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजेच समुद्राकडे, धाव घेतात. किनाऱ्यावरील दिव्याने त्यांची दिशाभूल होते. म्हणून समंजस पाहुणा विजेरी विझवून, दूर अंधारात निमूटपणे बसतो.

२०११ साली हा किनारा जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. तरीही २०२५ च्या आरंभी समुद्राचे पाणी दीर्घकाळ तापून राहिले. पोवळ्यांच्या अंगातील शैवाले निघून गेली आणि पोवळी पांढरी फटक पडली. पाणी लवकर निवाले, तर अशी पोवळी सावरू शकतात. नाहीतर ती मरतात. हा ताप किनाऱ्यावरच्या पाहुण्याने आणलेला नाही. कोळसा व खनिज तेल जाळून हवेची उष्णता वाढविणाऱ्या जगाने आणला आहे. विजेरी विझविणे एकट्याच्या हाती असते. समुद्राचा ताप उतरविण्यास मात्र साऱ्यांचेच हात लागतील.

स्वाध्याय : समंजस पाहुणा विजेरी का विझवितो, ते पाच वाक्यांत लिहा.