बरणीवरचा चिकटा

प्रश्न : जॅमच्या, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या मसाल्यांसाठी वापरायच्या आहेत. रात्रभर पाण्यात भिजवूनही लेबलाचा चिकटा जात नाही. तारेच्या घासणीने तर काचेवर चरे पडले. काय करावे?

उत्तर : आधी ती घासणी बाजूला ठेवा. खळीने चिकटवलेला कागद पाण्यात सुटतो. स्टिकरचा चिकट थर मात्र पाण्याला दाद देत नाही, त्याला तेलच लागते. शिवाय लेबल प्लॅस्टिकचे असेल तर पाणी आत शिरतच नाही. म्हणून बरणीत कढत पाणी भरा. उकळते नको, गार काच तडकते. पाचेक मिनिटांत लेबल उबेने सैल होईल. कोपऱ्यापासून सावकाश सोला. उरलेल्या चिकट्यावर खाण्याचा सोडा आणि खोबरेल तेल सारखे घेऊन जाडसर थापा, अर्धा तास ठेवा. बोटाने चोळलेत की चिकटा गोळ्या होऊन निघतो. मग भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा घालवा.

काचेवर छापलेली तारीख नेलपॉलिश रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून पाहा, पण शेगडीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवून.

झाकण आतून गंजले असेल तर टाकून द्या. आणि बरणी उन्हात खडखडीत वाळल्याशिवाय तिखट भरू नका.