बंगळुरूला जायची गरज नाही

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या ४,२०० रुपयांच्या मिक्सरचं भांडं पहिल्याच वाटणाला गळू लागलं. कंपनी पैसे परत देत नाही. 'वाद बंगळुरूतच, तोही लवादापुढे' ही अट मी मान्य केली आहे म्हणे! आता काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : घाबरू नका, त्या अटीने तुमचा हक्क जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे रत्नागिरीत, तक्रार करता येते. लवादाची अट ही वाट अडवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियमच आहे. नाही ऐकलं तर १९१५ ही हेल्पलाइन. ती तडजोड घडवते, आदेश देत नाही.

मग ई-जागृती पोर्टल. तक्रार घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. नुसत्या फोनाफोनीत ती घालवू नका.

बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि गळक्या भांड्याचा व्हिडिओ जपून ठेवा. परतावा देतो म्हणत कुणी ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवून द्या.