मंदावलेली थायरॉईड आणि मातृत्वाची वाटचाल

गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेला लगटून असलेली, फुलपाखराच्या आकाराची अवटुग्रंथी, म्हणजेच आपल्या नित्य परिचयाची थायरॉईड, वजनाने अवघी वीस-पंचवीस ग्रॅमची असते. तथापि शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग तिच्या संप्रेरकांवर अवलंबून असतो. ही ग्रंथी मंदावली म्हणजे थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, केस गळणे, थंडी सहन न होणे अशी लक्षणे दिसू लागतात. संसार आणि नोकरी यांच्या ओढाताणीत स्त्रिया या लक्षणांकडे सहसा लक्ष देत नाहीत. पुष्कळदा या विकाराचे निदान होते, ते लग्नानंतर दोन-तीन वर्षे दिवस राहिले नाहीत म्हणून केलेल्या तपासणीत. म्हणूनच हा विषय डॉक्टरांइतकाच आपल्या समाजातील प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे.

विकार किती आढळतो?

भारतातील आठ शहरांत प्रौढांची पाहणी करून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या शहरांत हैदराबाद, मुंबई आणि गोवा यांचाही समावेश होता. तपासलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये थायरॉईडची अल्पता आढळली. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तिप्पट होते. विशेष म्हणजे, एकूण तपासलेल्यांपैकी साडेतीन टक्के लोकांना आपल्याला हा विकार आहे याची कल्पनाच नव्हती.

आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचल्यानंतरही हा विकार आढळतो, याचे मुख्य कारण म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या व्याधीचे वर्णन केले. रक्तातील टी.पी.ओ. प्रतिपिंडांवरून ती ओळखता येते.

गर्भधारणेत अडथळा कसा येतो?

थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की मेंदू ग्रंथीला अधिक जोराने चेतवू पाहतो. त्यामुळे रक्तातील टी.एस.एच. वाढते आणि त्याच प्रेरणेने प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही वाढू शकते. अंगावर पाजणाऱ्या मातेची पाळी ज्या कारणाने लांबते, तेच येथे अवेळी घडते. स्त्रीबीज वेळेवर परिपक्व होत नाही, पाळी अनियमित होते किंवा रक्तस्राव फार होतो आणि गर्भ रुजण्यास गर्भाशयाचे अस्तर पुरेसे तयार होत नाही. गर्भ राहिलाच तर उपचाराअभावी गर्भपात, रक्तदाब आणि अकाली प्रसूती यांचा धोका वाढतो.

याहून महत्त्वाची बाब गर्भाच्या मेंदूची आहे. गर्भाची स्वतःची थायरॉईड साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि पुरेशी सक्षम होण्यास अठरा ते वीस आठवडे लागतात. तोवर बाळाच्या मेंदूची जडणघडण मातेकडून येणाऱ्या थायरॉक्सिनवरच होते. आपण माता होणार हे स्त्रीला कळते, तेव्हा या काळाचे काही आठवडे सरलेले असतात. म्हणून तयारी गर्भधारणेच्या आधीच करावयास हवी.

उपचार : आधी आणि नंतर

न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका स्त्रीवर उपचार केले. ती स्त्री पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आज त्या अर्काची जागा थायरॉक्सिनच्या शुद्ध गोळीने घेतली आहे. ग्रंथी जे बनवू शकत नाही, तेच ही गोळी शरीराला पुरविते. त्यामुळे 'जन्मभराची गोळी' म्हणून तिचा धसका घेण्याचे कारण नाही, आणि गर्भारपणात ती बंद करणे तर सर्वथा चुकीचे आहे.

ज्या स्त्रीला हा विकार आहे आणि मूल हवे आहे, तिने गर्भधारणेपूर्वी टी.एस.एच. २.५ च्या खाली आणावे, अशी शिफारस अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शनात आहे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. गोळी पहाटे किंवा सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण अडवितात, म्हणून त्यांत चार तासांचे अंतर हवे. गर्भवतीस या तिन्ही गोळ्या एकाच वेळी लिहून दिल्या जातात आणि ती त्या सकाळीच एकत्र घेऊन मोकळी होते. ही चूक नेहमी आढळणारी आहे, म्हणून औषधांची वेळ चिठ्ठीवर स्पष्ट लिहिणे हे आम्हा डॉक्टरांचे काम.

गर्भ राहिल्यावर थायरॉक्सिनची गरज चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. पाळी चुकून चाचणी होकारार्थी येताच आठवड्यात सातऐवजी नऊ गोळ्या घ्याव्यात आणि लगेच डॉक्टरांना कळवावे, ही सूचना रुग्णाला आधीच देऊन ठेवावी. त्यानंतर निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी व पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास टी.एस.एच. तपासावे. प्रसूतीनंतर पूर्वीची मात्रा सुरू करून सहा आठवड्यांनी पुन्हा पाहावे. स्तनपान करताना ही गोळी घेण्यास कोणतीही हरकत नाही.

येथे एक तारतम्यही सांगितले पाहिजे. थायरॉईडचे काम सुरळीत असून केवळ प्रतिपिंडे सापडलेल्या स्त्रियांना थायरॉक्सिन दिल्याने लाभ होतो का, हे ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत तपासले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्या व न घेणाऱ्या गटांत सारखेच राहिले. तेव्हा प्रत्येक वंध्यत्वाचे खापर थायरॉईडवर फोडू नये. टी.एस.एच. काबूत येऊनही सहा महिन्यांत दिवस न राहिल्यास बीजनलिका, बीजकोश आणि पतीचे वीर्य यांची तपासणी लांबवू नये.

मीठ, उपवास आणि स्वयंपाकघर

आयोडीनच्या संशोधनाशी आपल्या शहराचे नाते जवळचे आहे. कुन्नूर येथे १९१८ मध्ये सुरू झालेली पोषणविषयक प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेत आली आणि आज तार्नाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून उभी आहे. आयोडीन आणि लोह एकत्र असलेल्या मिठावर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले. कुन्नूरला पूर्वी काम केलेले डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. काही वर्षांतच तेथील गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले आणि १९६२ मध्ये देशव्यापी गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आपल्याकडे मात्र उपवासाला शेंदेलोण वापरण्याची रीत आहे आणि हल्ली काही घरांत ते आरोग्यदायी समजून रोजच वापरले जाते. त्यात आयोडीन मिसळलेले नसेल, तर गर्भवतीची रोजची २५० मायक्रोग्रॅमची गरज भागणार नाही. उपवासापुरते ते चालेल, नित्याच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे. कोबी-फ्लॉवर शिजवून, प्रमाणात खाण्यास बंदी नाही.

हरितालिकेच्या निर्जळी उपवासात पुष्कळ स्त्रिया गोळीही टाळतात. हे औषध शरीरात सुमारे आठवडाभर टिकून राहते, त्यामुळे एका दिवसाने अनर्थ होत नाही, परंतु व्रतवैकल्यांच्या महिन्यात असे दिवस साठत जातात. घरातील वडीलधाऱ्यांनीच 'गोळी घेऊन मग व्रत कर' असे सांगितले, तर प्रश्न सहज सुटतो.

कुटुंबाची जबाबदारी

लग्न ठरताना मुलीचा हा विकार लपविला जातो आणि मग सासरी तिला बाटली कपाटाच्या मागे ठेवावी लागते. लपवून घेतलेली गोळी हमखास चुकते, आणि ती चुकल्याची किंमत एखादे वेळी पोटातील जीव मोजतो. ज्या विकाराला दिवसाला एक छोटी गोळी पुरते, त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. दोन्ही घरांनी तो चष्म्याच्या नंबराइतक्या सहजतेने स्वीकारावा. ज्यांच्या घरात सून किंवा लेक मातृत्वाची वाट पाहत आहे, त्यांनी मूल होण्याविषयी तिला विचारत बसण्यापेक्षा एकदा तिच्याबरोबर टी.एस.एच.च्या तपासणीला जावे आणि पतीनेही आपली तपासणी त्याच वेळी करून घ्यावी, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती.