एआयच्या सीटसाठी घर गहाण टाकण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की माझ्याकडे येणारा प्रश्न दरवर्षी तोच असतो, फक्त शाखेचं नाव बदलतं. पूर्वी ‘आयटी मिळेल का?’ असं विचारायचे. आता ‘एआय-डीएस मिळेल का, आणि नाही मिळालं तर मॅनेजमेंट कोट्यात किती लागतील?’ असं विचारतात. विचारणारे बहुधा वडील असतात आणि ज्याचं करिअर ठरतंय ते मूल शेजारी गप्प बसलेलं असतं. सरकारी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलची जागा हातात असताना ती सोडून, कालपरवा सुरू झालेल्या खासगी संस्थेतल्या एआयच्या जागेसाठी कर्ज काढायला निघालेले पालक मी दर हंगामात पाहते. त्यांना मी स्पष्ट सांगते, काढू नका.

२०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडशाखांच्या तुकड्या भराभर वाढल्या. तुकडी वाढवायला कागद लागतो, पण शिकवणारा माणूस लागतो तो कुठून आणणार? चार वर्षांनी हे सगळे विद्यार्थी एकाच दिवशी, एकाच प्रकारचा बायोडेटा घेऊन बाहेर पडतील. ज्याला गणितात खरा रस आहे, जो स्वतःहून प्रोग्राम लिहीत बसतो, त्याने कॉम्प्युटर जरूर घ्यावं. बाकीच्यांसाठी मला आज एका वेगळ्या कामाबद्दल बोलायचं आहे. ते याच एआयच्या पोटातलं काम आहे आणि आपल्या घरांमध्ये त्याचं नावही निघत नाही.

एआय चालतं ते डेटा सेंटरमध्ये. देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकी सुमारे निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात आणि वीजही इथे तुलनेने भरवशाची आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यातून लोकलने जाणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांना त्या बिनखिडक्यांच्या इमारती रोज दिसतात. आत काय चाललंय ते कुणी विचारत नाही. आत मुख्यतः वीज उष्णतेत बदलत असते. सर्व्हरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एक मेगावॉटचे सर्व्हर थंड ठेवायचे म्हणजे घरातले दीड टनी एसी साधारण १९० लागतील इतकं काम. आणि एक मेगावॉट म्हणजे आता लहान सेंटर. पूर्वी एका रॅकला पाच-दहा किलोवॉट पुरायचे, एआयसाठी बनवलेले एनव्हिडियाचे नवे रॅक एकटे १२० किलोवॉटच्या आसपास खातात. तिथे हवेने भागत नाही, चिपपर्यंत पाइपने द्रव न्यावा लागतो. हे काम कॉम्प्युटर इंजिनीअर करत नाही. ते मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं करतात, फिटर आणि वेल्डर करतात.

यातला माझ्या आवडीचा भाग म्हणजे मॉड्युलर डेटा सेंटर. सगळी इमारत जागेवर बांधत बसण्याऐवजी वीजपुरवठ्याचा, कूलिंगचा आणि सर्व्हरचा एकेक भाग कारखान्यात पूर्ण तयार करायचा, तिथेच तपासायचा, ट्रेलरवर चढवून आणायचा आणि तयार पायावर बसवून जोडायचा. इकडे पाया भरला जात असताना तिकडे मॉड्यूल तयार होत असतं, त्यामुळे महिने वाचतात. कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००६ मध्ये वीस फुटी शिपिंग कंटेनरमध्ये बसवलेलं डेटा सेंटर जाहीर केलं. गुगल २००५ पासूनच कंटेनर वापरत होतं, ते जगाला २००९ मध्ये कळलं.

पण कंटेनर घेतला आणि त्यात रॅक ठेवले, इतकं ते सोपं नाही. कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. रॅकची खोली १.२ मीटर. भिंतींना इन्सुलेशन लावलं की रॅकच्या पुढे आणि मागे मिळून जेमतेम एक मीटर उरतो. त्यात पुढून थंड हवा द्यायची, मागून गरम हवा काढायची आणि सर्व्हर बाहेर ओढून दुरुस्त करणाऱ्या माणसाला उभं राहायला जागाही ठेवायची. म्हणून आज बरेचदा मॉड्यूल कंटेनरपेक्षा रुंद बनवतात, किंवा दोन मॉड्यूल शेजारी ठेवून मधली भिंत काढतात. रुंद केलं की रस्त्याचा प्रश्न आला: जादा मापाच्या मालाची परवानगी, घाटातलं वळण, पुलाखालची उंची. मधली भिंत काढली की सांगाडा क्रेनने उचलताना वाकणार नाही ना, हे बघावं लागतं. एका निर्णयाची गाठ दुसऱ्याशी अशी बसलेली असते, आणि ती सोडवताना ज्याचे डोळे चमकतात ते मूल या कामाचं.

आपल्याकडे तर याला कोकणची हवा मिळते. केबल आत शिरते त्या फटीतून दमट हवा घुसली की थंड पत्र्यावर पाणी धरतं. खारं वारं साध्या रंगाला दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन टाकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्यामुळे मॉड्यूलचा ओटा किती उंच घ्यायचा हाही अंदाजाचा विषय नाही, सिव्हिलवाल्याच्या हिशेबाचा आहे. परदेशातून आलेलं ड्रॉइंग इथे जसंच्या तसं चालत नाही. ते इथल्या पावसाला बेतून देणारी माणसं इथेच तयार व्हायला हवीत.

शेवटी येते तपासणी. मॉड्यूल कारखान्यातून निघण्याआधी त्याला ‘लोड बँक’ जोडतात, म्हणजे सर्व्हरच्या जागी तितकीच वीज खाणारे हीटर. मग मुद्दाम वीज तोडायची. यूपीएसने भार उचलला का? जनरेटर वेळेत आला का? एक चिलर बंद पाडला तर बाकीचे सांभाळतात का? साइटवर सगळं जोडल्यावर हीच परीक्षा पुन्हा होते, बरेचदा रात्रभर चालते. याला कमिशनिंग म्हणतात, आणि हे नीट करता येणारी माणसं थोडी आहेत. ती का हवीत ते सांगते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं आणि शेजारच्या, कंटेनरांनी बांधलेल्या सेंटरच्याही काही खोल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी संगणक प्रणाली बंद पडल्या. सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी बॅटरीची जोडणी सोडवणाऱ्या हातांवर ते उभं असतं.

आता वाटा, थोडक्यात. इलेक्ट्रिकल घेतलं तर स्विचगिअर, प्रोटेक्शन आणि अर्थिंग पक्कं करा. मेकॅनिकलवाल्यांनी उष्णता-वहन आणि रेफ्रिजरेशन जीव लावून शिकावं, तिसऱ्या वर्षापासून रेव्हिट हे इमारतींच्या आराखड्याचं सॉफ्टवेअर आणि हवेच्या प्रवाहाचं संगणकीय विश्लेषण हाताखालून घालावं. कॉलेजात ‘इशरे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची विद्यार्थी शाखा असेल तर तिथे नाव घाला. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना सेन्सर, पीएलसी आणि इमारतीच्या नियंत्रण प्रणालींचं काम आहे. पदवीनंतर अनुभव गाठीशी आला की ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा द्या. दहावीनंतर डिप्लोमा केला तर तीन वर्षांत हातात काम, आणि हवं तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

आणि आयटीआय. हा शब्द उच्चारला की माझ्या समोरच्या खुर्चीतली माणसं सावरून बसतात. ‘मॅडम, आमच्या घरात सगळे ग्रॅज्युएट आहेत.’ असतील. तुमचा मुलगा मात्र घरातला मिक्सर उघडून दुरुस्त करतो आणि बारावीच्या फिजिक्समध्ये नापास होतो, ही माहिती तुम्हीच मला पाच मिनिटांपूर्वी दिलीत. इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा ट्रेड, मग चांगल्या कारखान्यात अप्रेंटिसशिप, मग वायरमनचा परवाना आणि पुढे सुपरवायझरचा, हा रस्ता लाजेचा नाही. तांब्याच्या पाइपचं गळती न होणारं ब्रेझिंग करणारा, हजार अँपिअरच्या बसबारचा बोल्ट नेमक्या जोराने आवळणारा माणूस अशा प्रकल्पावर सन्मानाने वागवला जातो. लाज वाटते ती लग्नाच्या बैठकीत काय सांगायचं म्हणून. त्या एका बैठकीसाठी मुलाची चार वर्षं आणि तुमच्या निवृत्तीची पुंजी पणाला लावणं हा मुलावर अन्याय आहे, आणि तो प्रेमापोटी केला म्हणून कमी होत नाही.

मुलींच्या पालकांशी मी याहून कडक बोलते. ‘मेकॅनिकल मुलींचं नाही, साइटवर कोण पाठवणार?’ हे वाक्य मी आजही ऐकते, तेही स्वतः नोकरी करणाऱ्या आयांकडून. मॉड्युलर पद्धतीत बांधकामाचा मोठा भाग साइटवरून उचलून छपराखाली, कारखान्यात आलेला आहे. डिझाइनचं काम ऑफिसात होतं. व्हर्टिव्हसारख्या कंपनीचे कारखाने अंबरनाथला आणि पुणे परिसरात आहेत. जनरेटर लागतात, तर फलटणला कमिन्स आहे, कागलला किर्लोस्कर आहे. मुलीला इलेक्ट्रिकल आवडत असताना तिला कॉम्प्युटरला बसवून तुम्ही तिचं रक्षण करत नाही. तिला साइटवर जायचं असेल तर जाऊ द्या, आणि कंपनीला राहण्याची, प्रवासाची, रात्रीच्या पाळीची काय सोय आहे ते मुलाखतीतच तिला विचारू द्या.

या क्षेत्राचे काटेही सांगते. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरच्या चांगल्या ऑफरपेक्षा कमी असतो. सेंटर एकदा उभं राहिलं की ते चालवायला फार माणसं लागत नाहीत. काम आहे ते आखणीत, बनवण्यात, उभारणीत, म्हणजे एक प्रकल्प संपला की बॅग भरून दुसरीकडे. गाव सोडायचंच नाही असं ज्यांचं ठरलेलं आहे त्यांनी हे धरू नये. एआयची लाट थोडी ओसरली तर बांधणीचा वेगही कमी होईल, हे खरं आहे. पण स्विचगिअर आणि चिलर रुग्णालयाला लागतात, औषध कारखान्याला लागतात, मेट्रोला लागतात. तिथे ही विद्या वाया जात नाही. दुसरी एक सूचना: ‘डेटा सेंटर मॅनेजमेंट’ नावाचे, नोकरीची हमी देणारे महागडे अल्पमुदतीचे कोर्स आता दिसू लागले आहेत. मूळ ट्रेड, डिप्लोमा किंवा पदवी हातात नसताना त्यावर एक रुपयाही घालवू नका.

कॉलेज बघायला जाल तेव्हा गेटवरचा प्लेसमेंटचा फलक वाचण्यात वेळ घालवू नका. इलेक्ट्रिकल मशीन्सची प्रयोगशाळा उघडायला सांगा, रेफ्रिजरेशनचा संच चालू करून दाखवायला सांगा, तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा की या सत्रात तुझ्या हाताने किती प्रयोग झाले. या भेटीला मुलाला सोबत न्या आणि प्रश्न त्याला विचारू द्या. पदवी, डिप्लोमा आणि आयटीआय यांच्या प्रवेशप्रक्रिया वेगवेगळ्या आहेत, अर्जही वेगळे आणि शेवटच्या तारखाही वेगळ्या. एकीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर दुसरीची मुदत निघून जाते. त्यामुळे शंका असेल तर अर्ज सगळीकडे आजच भरा, आणि पर्यायांचा क्रम मुलाला स्वतः लिहू द्या.