शाफ्ट नवा, नेम जुना

हा लेख म्हणजे अर्धा अभ्यास आणि अर्धा कबुलीजबाब आहे. माझ्या रूम पार्टनरने दोन उन्हाळे आंब्याच्या पेट्या भरून साठवलेले पैसे एका 'लो डिफ्लेक्शन' शाफ्टमध्ये घातले, आणि घाल म्हणून सांगणारा मीच होतो. जाहिरातीत तीन गोष्टी लिहिल्या होत्या : डिफ्लेक्शन कमी, स्पिन जास्त, नेम अचूक. मी मेकॅनिकलचा! "लॉजिकल आहे रे, घेऊन टाक," असं छातीठोकपणे बोलून गेलो. कागद-पेन मात्र हातात घेतलं नाही.

शाफ्ट आला आणि पार्टनरचा खेळ बिघडला. पूर्वी सहज जाणारे बॉल पॉकेटच्या तोंडावर आपटून परत यायला लागले. ते पाहून मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. मग मी ॲप्लाइड मेकॅनिक्सचं पुस्तक उघडलं.

आधी डिफ्लेक्शन म्हणजे काय ते बघू. पांढऱ्या बॉलच्या मधोमध मारलं तर तो क्यूच्या रेषेत सरळ जातो. उजवा स्पिन द्यायला उजवीकडे मारलं, तर बॉल क्यूच्या रेषेपेक्षा थोडा डावीकडे सरकून निघतो. हेच ते डिफ्लेक्शन. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात फक्त सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे १ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात बॉल फिरायला लागतो आणि टिपला बाजूला ढकलतो. टिप जितकी जड, तितकी ती बाजूला व्हायला कुरकुरते आणि तितका बॉलच उलट दिशेला ढकलला जातो. क्यूचं एकूण वजन अर्धा किलोच्या वर असलं तरी त्या १ मिलिसेकंदात बाजूचा धक्का शाफ्टच्या पुढच्या थोड्याच भागापर्यंत पोचतो. म्हणून हिशोबात येतं ते टोकाचं वजन, आणि ते जेमतेम काही ग्रॅम असतं. मागचा दांडा कितीही नक्षीदार असो, डिफ्लेक्शनला त्याच्याशी देणंघेणं नाही.

म्हणजे पहिला दावा खरा आहे. टोक पोकळ केलं, बारीक केलं, फेरूल हलकं बसवलं की डिफ्लेक्शन खरंच कमी होतं. पण किती? बॉलचा व्यास ५७ मिमी. केंद्रापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपेक्षा बाहेर मारलं की टिप घसरते, म्हणजे तीच कमाल मर्यादा. त्या टोकाच्या स्ट्रोकला साध्या शाफ्टने बॉल सुमारे २.५ अंश सरकतो, हलक्या टोकाच्या शाफ्टने सुमारे १.८ अंश. १ मीटर अंतरावर हे झालं अनुक्रमे ४.४ सेंमी आणि ३.१ सेंमी. फरक सव्वा सेंटिमीटरचा. फरक आहे, नाही असं नाही. पण उरलेले ३.१ सेंमी कोण भरून काढणार? खेळाडूच! डिफ्लेक्शन कमी झालं, शून्य झालं नाही.

दुसरा दावा जास्त स्पिनचा. हे गणित फर्स्ट इयरचा कोणीही करू शकेल. भरीव गोलाचा मोमेंट ऑफ इनर्शिया २/५ एमआर वर्ग. त्यावरून पृष्ठभागाचा फिरण्याचा वेग भागिले बॉलचा पुढे जाण्याचा वेग बरोबर अडीच गुणिले (केंद्रापासूनचं अंतर भागिले त्रिज्या). अर्ध्या त्रिज्येवर मारलं तर उत्तर १.२५. या समीकरणात शाफ्ट कुठे आहे? कुठेच नाही! डिफ्लेक्शनमुळे बलाची दिशा किंचित तिरकी होते तेही धरलं, तर दोन शाफ्टमधला फरक दोन-तीन टक्क्यांचा येतो. तेवढा स्पिन टिप केसभर बाहेर नेऊन मिळतो. आणि टिप घसरू नये यासाठी लागतो चॉक.

आता तिसरा दावा, अचूक नेम. पार्टनरचं घोडं इथेच पेंड खात होतं. साध्या क्यूवर उजवा स्पिन देताना तो नकळत थोडा उजवीकडे नेम धरायचा. ही सवय हातात मुरलेली. नवीन शाफ्टने बॉल डावीकडे कमी सरकला, सवय तीच राहिली, म्हणून बॉल उजवीकडे चुकायला लागला. त्यात दिवस जुलैचे. रत्नागिरीच्या पावसाळ्यात वह्यासुद्धा ओलसर होतात, तर टेबलावरचं कापड कसं सुटेल? क्यू थोडा वर उचललेला असला की स्पिनचा बॉल जाता जाता स्पिनच्याच बाजूला वळतो, आणि कापडाची पकड वाढली की लवकर वळतो. डावीकडचं सरकणं कमी, उजवीकडचं वळणं आहे तेवढंच. दोष शाफ्टचा नाही आणि पार्टनरचाही नाही. शाफ्ट बदलल्यावर नेम नव्याने शिकावा लागतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

खात्रीसाठी आम्ही १ मीटरवर लाकडी ठोकळा ठेवला, त्यावर कार्बन पेपर लावला आणि दोन्ही शाफ्टने सारखेच स्ट्रोक मारून डाग बघितले. दोन गठ्ठे वेगळे दिसले खरे, पण प्रत्येक गठ्ठ्याचा पसारा दोघांमधल्या अंतराएवढाच होता. म्हणजे आमच्या हाताची चूक शाफ्टच्या सुधारणेइतकीच मोठी!

बिलियर्ड्समधल्या स्पिनवर कोरिओलिसने १८३५ साली अख्खं पुस्तक लिहिलं. होय, आपल्या सिलॅबसमधल्या कोरिओलिस फोर्सवालाच. आणि पुण्याच्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ मध्ये बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद जिंकलं, तेव्हा असल्या शाफ्टच्या जाहिराती नव्हत्या. बिलियर्ड्सच्या क्यूचं टोक मुळातच बारीक असतं हे मान्य. पण तो नेम दुकानातून आला नव्हता. आपल्याकडे कॅरममध्ये तरी वेगळं काय? स्ट्रायकर बदलून राणी मिळाली असती, तर सरावाला कोण बसलं असतं?

यापुढे कुठलीही जाहिरात वाचताना तीन प्रश्न विचारायचं मी ठरवलंय. नेमकं काय मोजलं? किती फरक पडला? आणि माझ्या हातात तो फरक उरतो का?

पार्टनरला मी अर्धे पैसे देऊ केले. तो म्हणाला, "पैसे नकोत. शाफ्ट चांगला आहे, मला शिकायचाय. पावसाळाभर टेबलाचं भाडं तू भर."

सध्या भरतोय. आणि त्याचा बॉल हळूहळू डावीकडे यायला लागलाय.