कॉलेज कोणते निवडावे?

प्रतिवर्षी उन्हाळ्यात परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आमच्या ओसरीवर पालकांची वर्दळ सुरू होते. कोणाच्या हाती गुणपत्रक असते, कोणाच्या हाती एखाद्या कॉलेजाचे रंगीत माहितीपत्रक. प्रश्न मात्र बहुधा एकच असतो : "सर, मुलाला कोठे घालावे?" या प्रश्नास आम्ही आजवर पुष्कळ उत्तरे दिली. त्यांतील एक उत्तर चुकले. त्या चुकीने आम्हांस जे शिकविले ते आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापित्यांस सांगावे, या हेतूने हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा एक विद्यार्थी बारावीच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. मुलगा अबोल, पण हाताचा गुणी. शाळेच्या बागेतील गुलाबांची कलमे तोच बांधी, आणि सुट्टीच्या दिवशीही झाडांना पाणी घालण्यास येई. निकालानंतर त्याचे वडील दूरच्या शहरातील एका इंजिनियरिंग कॉलेजाचे माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले. चार मजली इमारत, उंच तट, फाटकावर पहारेकरी आणि वसतिगृहास रात्री कुलूप, असा सारा थाट त्यात छापलेला होता. "पोराचं कल्याण होईल ना, सर?" असे त्यांनी विचारले. आम्ही पाने चाळली आणि होकार दिला. मुलगा दाराशीच उभा होता. त्याला काय वाटते हे त्याच्या वडिलांनी विचारले नाही, आणि लाज वाटते सांगावयास, आम्हीही विचारले नाही.

सहाव्या आठवड्यात मुलगा घरी परतला. रात्री-बेरात्री वरच्या वर्गातील मुले त्याला झोपेतून उठवीत, उभे करून ठेवीत व नाही नाही ते करावयास लावीत. त्याने वसतिगृहाच्या कारकुनापाशी तक्रार केली, तेव्हा "पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं, दोन महिने सोस," असे उत्तर मिळाले. त्यातच ज्या विषयासाठी हे सोसावयाचे, त्याच्यावर त्याचे मन मुळीच नव्हते. वडील पुन्हा आमच्या ओसरीवर आले. ते रागावले नव्हते. ते एवढेच म्हणाले, "सर, कुलूप होतं, पहारेकरी होता, तरी असं कसं झालं?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे पुष्कळ दिवस गेले. आता आमची अशी खात्री झाली आहे की, 'येथे माझे मूल सुरक्षित राहील काय?' आणि 'येथील शिक्षण माझ्या मुलास मानवेल काय?' हे दोन प्रश्न वेगळे दिसत असले तरी एकमेकांस लागून आहेत. आवडीच्या कामात रमलेले मूल अडचण आली तर धीराने तोंड उघडते. नावडत्या जागी कोंडलेले मूल मुकाट्याने सोसते किंवा पळून येते. आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत.

प्रथम सुरक्षिततेचा विचार करू. तट व कुलूप ही बाहेरच्या चोराकरिता असतात. आतील त्रासावर त्यांचा उपाय चालत नाही. तेथे एकच गोष्ट उपयोगी पडते, ती ही की, मुलाने तक्रार केली असता ती ऐकणारा कोणी जबाबदार मनुष्य आहे की नाही. कायद्याने ही जबाबदारी स्पष्ट केली आहे. महाराष्ट्रात रॅगिंगला बंदी करणारा कायदा १९९९ साली झाला. त्यान्वये अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास संस्थेतून काढून टाकून पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश देता येत नाही. तक्रार आली असता संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावयाची असते, आणि जो ती टाळील तो अपराधास साहाय्य करणारा समजला जातो. आमच्या त्या विद्यार्थ्यास 'सोस' म्हणून सांगणाऱ्या कारकुनास हे ठाऊक नव्हते. आम्हांसही तेव्हा ठाऊक नव्हते, हे त्याहून वाईट.

पुढे २००९ साली हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी वरच्या वर्गातील मुलांच्या मारहाणीने मृत्यू पावला, आणि सारा देश हळहळला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व उच्च शिक्षणसंस्थांसाठी कडक नियम केले व तक्रारीसाठी देशव्यापी दूरध्वनी-सेवा सुरू झाली. त्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक या दोघांनीही प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. पुष्कळ पालक ते न वाचताच सही करतात. आमची विनंती अशी की, ते मुलाजवळ बसून मोठ्याने वाचावे. आपल्या मुलास कोणी छळू नये ही काळजी सर्वांनाच असते. परंतु आपला मुलगा पुढील वर्षी दुसऱ्याच्या मुलास छळणार नाही, याची काळजीही घरातच घ्यावयाची असते.

कॉलेज पाहावयास जावे ते समारंभाच्या दिवशी नव्हे. साध्या दिवशी, शक्य तर दिवेलागणीच्या सुमारास जावे. वसतिगृहाचा अधीक्षक तेथेच राहतो की नाही, नव्या मुलांची राहण्याची सोय वेगळी आहे की नाही, रॅगिंगविरोधी समितीतील व्यक्तींची नावे व क्रमांक भिंतीवर लावलेले आहेत की नाहीत, हे पाहावे. पिण्याचे पाणी, खाणावळ, जवळचा डॉक्टर, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट, आणि बस-स्थानकापासून फाटकापर्यंतच्या रस्त्यावरील दिवे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण रोजचे आयुष्य त्यांवरच चालते. मग समोरच्या चहाच्या दुकानात बसून दुसऱ्या वर्षाच्या दोन-चार मुलांशी बोलावे. "तुम्हांला अडचण आली तर तुम्ही कोणाकडे जाता?" एवढेच विचारावे. मुलांनी एखाद्या अध्यापकाचे नाव चटकन घेतले तर निम्मी काळजी मिटली असे समजावे. ती एकमेकांकडे पाहू लागली तर पालकांनी सावध व्हावे.

मुलींच्या बाबतीत दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. सुरक्षिततेचे नाव पुढे करून हुशार मुलीस जवळच्या, पण तिला नको असलेल्या शाखेत घालण्याची चाल आपल्याकडे फार आहे. काळजी खरी असते, उपाय चुकतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली उच्च शिक्षणसंस्थांसाठी स्वतंत्र नियम करून विद्यार्थिनींच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे असे ठरविले. त्याच नियमांत असेही म्हटले आहे की, सुरक्षिततेची सबब सांगून वसतिगृहातील मुलींवर मुलांपेक्षा वेगळी, पक्षपाती बंधने लादू नयेत. तेव्हा मुलीस घरी ठेवण्यापेक्षा ती समिती कोठे आहे, तिचे अध्यक्षपद कोणाकडे आहे, हे विचारणे पालकांस अधिक शोभेल.

आता दुसरा प्रश्न, शिक्षण मानवण्याचा. येथे नावांचा मोह फार फसवितो. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे 'नॅक', १९९४ साली स्थापन झाली, आणि केंद्र सरकारची क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. ही साधने उपयुक्त आहेत. तथापि संस्थेस मिळालेल्या मानांकनावरून आपल्या मुलाच्या विभागात प्रयोगशाळा कशी आहे, अध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत की रिकाम्या, हे कळत नाही. ते स्वतःच विचारावे लागते. अभ्यासक्रमाची सत्रवार यादी मागून घ्यावी व मुलासह वाचावी. गेल्या तीन वर्षांत त्या विभागातून बाहेर पडलेली मुले आज काय करतात, हे विचारावे. पहिल्या वर्षाचीच नव्हे, तर शेवटच्या वर्षापर्यंतची एकूण फी, वसतिगृह व खाणावळीसह, कागदावर मांडावी. संस्थेस व त्या अभ्यासक्रमास योग्य मान्यता आहे की नाही हे अवश्य तपासावे. बनावट विद्यापीठांची यादी अनुदान आयोग वेळोवेळी प्रसिद्ध करीत आला आहे. एक दिवस खर्चून ती पाहिली तर मुलाची तीन-चार वर्षे वाचतात.

परंतु सर्वांत महत्त्वाची चौकशी घरातच करावयाची असते. मुलास "तुला काय व्हायचे आहे?" असे विचारले तर तो बहुधा शेजाऱ्याच्या मुलाचे उत्तर देतो. त्याऐवजी "कोणत्या तासाला घंटा होऊ नये असे तुला वाटते?" असे विचारून पाहावे. त्याच्या उत्तरात त्याची शाखा दडलेली असते.

या संबंधात आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण आठवते. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. हे धाडस अविचाराचे नव्हते. त्यांचे पती गोपाळराव यांचे पत्र एका अमेरिकन मिशनरी मासिकात छापून आले होते. ते वाचून न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांनी पत्रव्यवहार सुरू केला, आणि तो तीन वर्षे चालला. म्हणजे परक्या देशात पाऊल ठेवण्यापूर्वी तेथे एक ओळखीचे घर तयार झाले होते. विषयही आनंदीबाईंनी लोकांच्या वाहवेसाठी निवडला नव्हता. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे पहिले मूल दहा दिवसांतच दगावले होते, आणि आपल्या देशात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हे प्रस्थानापूर्वी त्यांनी श्रीरामपूर येथील सभेत स्वतः सांगितले होते. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. मात्र तेथील थंडी व न मानवणारा आहार यांनी त्यांची प्रकृती ढासळली, आणि १८८७ साली पुण्यास त्यांचा अंत झाला. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. जाण्यापूर्वी ओळखीचा आधार व मनाचा निश्चय ही दोन्ही हवीत. आणि प्रवेश मिळाला म्हणजे पालकांचे काम संपले असे नव्हे. मूल काय खाते, नीट झोपते की नाही, त्याच्या आवाजात बदल झाला आहे काय, याकडे पुढेही लक्ष हवे.

राहण्याच्या सोयीवाचून शिक्षण पांगळे, हे राजर्षी शाहू महाराजांनी फार पूर्वी ओळखले होते. कोल्हापुरात १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली, ती याच जाणिवेने. वर्गात चांगले शिकविले जाते, पण रात्री मुलास भीतीने झोप लागत नाही, तर त्या शिकविण्याचा काय उपयोग?

विद्यार्थीमित्रहो, तुमच्याकडेही आमचे मागणे आहे. मित्र जातो म्हणून कोठे जाऊ नका, आणि वडील रागावतील म्हणून गप्प राहू नका. जे आवडते ते नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. त्रास होत असेल तर पहिल्याच दिवशी घरी कळवा. सोसण्यात शौर्य नाही. आणि तुम्ही वरच्या वर्गात गेलात म्हणजे नव्याने आलेल्या मुलास खाणावळीची वाट दाखविणारा पहिला मनुष्य तुम्ही व्हा.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याचे एक वर्ष वाया गेले आणि वडिलांनी कर्जाऊ काढलेल्या फीचे पैसे बुडाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. दुसऱ्या वर्षी त्याने त्यांपैकी एकाच्या कॉलेजात प्रवेश घेतला. या वेळी बापलेक दोघे आधी तेथे जाऊन एक रात्र राहून आले. वडिलांनी परत येऊन आम्हांस सांगितले, "सर, तिथल्या मुलांनी आम्हांला जेवायला बसवलं, आणि हा पठ्ठ्या जेवण सोडून रोपवाटिकेत जाऊन बसला." तो पदवीधर झाला, आणि आता स्वतःची रोपवाटिका चालवितो. त्याने दिलेले आंब्याचे कलम आमच्या शाळेच्या विहिरीजवळ लावलेले आहे.

मात्र ते वाया गेलेले वर्ष आमच्या हिशेबी आहे, त्याच्या नव्हे. म्हणून आता जे पालक आमच्या ओसरीवर येतात, त्यांना आम्ही आधी मुलास आत बोलावून खुर्ची द्यावयास सांगतो, आणि माहितीपत्रक मिटून ठेवावयास सांगतो. बोलणे त्यानंतर सुरू होते.