एक किल्ला, दोन वेढे : जिंजूचे संग्रहालय

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षे दक्षिण कोरियातील चांगवॉन शहरात होतो. तिथे पाचवीला देशाचा इतिहास शिकवतात. त्याच वर्षी आमच्या वर्गाची अभ्याससहल जिंजूला गेली. बसने साधारण तासाभराचा रस्ता. वर्गमित्रांच्या डब्यात किंबाप आणि माझ्या डब्यात पोळीची गुंडाळी. लांबून दोन्ही सारखेच दिसत होते.

जिंजूचे राष्ट्रीय संग्रहालय नाम नदीकाठच्या किल्ल्याच्या आतच आहे. ते १९८४ साली सुरू झाले आणि १९९८ पासून त्याचा मुख्य विषय आहे इम्जिन युद्ध. जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोनदा फौजा पाठवल्या, ते हे युद्ध. भातपिकाचा समृद्ध जोल्ला प्रांत शत्रूला हवा होता आणि त्याची वाट जिंजूवरून जात होती.

कोरियन तोफांची नावे मला फार आवडली. सर्वांत मोठी चॉनजा, मग जिजा, ह्योनजा आणि ह्वांगजा. ही नावे कोणा वीराची किंवा देवाची नाहीत. मुलांना चिनी अक्षरे शिकवण्यासाठी एक हजार अक्षरांचे जुने पुस्तक असे. त्यातली ही पहिली चार अक्षरे, अर्थ आकाश, पृथ्वी, काळा, पिवळा. आपण तुकड्यांना अ, ब, क, ड म्हणतो तसेच.

त्याहून जास्त वेळ आम्ही एका लोखंडी गोळ्यापुढे थांबलो. नाव बिग्योक-जिनचॉल्ले, म्हणजे उडून आदळणारा, आभाळ हादरवणारा गडगडाट. यी जांग-सोन या कारागिराने तो बनवला. पोकळ गोळ्यात दारू आणि लोखंडाचे तुकडे, मध्ये बांबूची नळी आणि तिच्यात पिळाची खाच पाडलेले लाकूड. त्या खाचेत वात गुंडाळायची. लवकर फुटायला हवा असेल तर दहा वेढे, उशिरा हवा असेल तर पंधरा. उखळी तोफेतून तो शत्रूच्या गोटात पडे आणि लगेच फुटत नसे. १५९२ मध्ये ग्योंगजू परत घेताना जपानी सैनिक कुतूहलाने त्याच्याभोवती जमले आणि मग तो फुटला. वातीची लांबी मोजून शत्रूच्या स्वभावाचाही हिशेब केला होता म्हणायचा!

आता वेढे. १५९२ च्या शरद ऋतूत वीस हजारांहून अधिक जपानी सैन्य जिंजूवर आले. आत किम सि-मिन यांच्या हाताखाली ३,८०० जणांची शिबंदी. त्यांनी दारूगोळा आधीच साठवला होता. सैन्य जास्त दिसावे म्हणून म्हाताऱ्यांना आणि स्त्रियांना सैनिकांचे कपडे घालून तटावर उभे केले. बाहेरच्या टेकड्यांवर गावकऱ्यांच्या स्वयंसेवक तुकड्या रात्री मशाली पेटवून शिंगे फुंकत. सहा दिवसांनी शत्रू मागे फिरला. किम सि-मिन यांना मात्र शेवटच्या दिवशी गोळी लागली आणि ते त्यातून वाचले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १५९३ च्या उन्हाळ्यात, हिदेयोशीच्या हुकमाने सुमारे नव्वद हजारांची फौज त्याच किल्ल्यावर आली. तोच तट, तीच नदी. पण आता एकहाती हुकूम नव्हता, मिंग चीनच्या सैन्याची कुमक आली नाही आणि पावसाने तट खचत होता. किल्ला पडला. त्या काळचे मंत्री यू सोंग-न्योंग यांनी ‘जिंगबिरोक’ या ग्रंथात मृतांचा आकडा साठ हजारांवर दिला आहे. त्यात बहुतेक आश्रयाला आलेली सामान्य माणसे होती.

सहलीनंतर आमच्या बाईंनी एकच प्रश्न लिहायला दिला. दुसऱ्या वेढ्याआधी स्वयंसेवकांचे प्रसिद्ध नायक ग्वाक जे-ऊ यांनी किल्ल्यात जायला नकार दिला. किल्ला टिकणार नाही. स्वतः मरायला हरकत नाही, पण लढाईत तयार झालेली माणसे वाया घालवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सेनानी ह्वांग जिन मात्र आत गेले आणि लढताना पडले. बरोबर कोण?

मी ग्वाक यांच्या बाजूने लिहिले. १५९७ मध्ये जपानी फौजा पुन्हा आल्या तेव्हा ह्वावांगचा डोंगरी किल्ला त्यांनीच राखला, हा माझा पुरावा. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने लिहिले, आतल्या लोकांना बाहेर पडायला वाट नव्हती, मग त्यांच्यासोबत कोणीतरी हवेच होते. आज सैनिकी शाळेत शिकतानाही मी ग्वाक यांच्याच बाजूचा आहे, पण तिच्या त्या ओळीला माझ्याकडे अजून उत्तर नाही. बाईंनी दोघांनाही सारखेच गुण दिले होते.